दहाव्या नंबरचा संघ आणि सात गुणांचा मुलगा

ऑक्टोबर २०२१. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम तोंडावर आलेला. बिग टेन ही तिथल्या मध्य-पश्चिमेतल्या मोठ्या विद्यापीठांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात साखळी खेळणारा गट. नावात टेन असलं तरी संघ तेव्हा चौदा होते, आणि याचं तिथे कुणाला काही वाटत नाही. या चौदा संघांमागे वर्षभर फिरणाऱ्या पत्रकारांनी रिवाजाप्रमाणे क्रम लावला. त्यात विस्कॉन्सिन दहावं आलं. कॉन्फरन्समधल्या दहा सर्वोत्तम खेळाडूंची जी हंगामपूर्व यादी निघाली, तिच्यात विस्कॉन्सिनच्या जॉनी डेव्हिसचं नाव नव्हतं.

पाच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, विस्कॉन्सिन बिग टेनचं संयुक्त विजेतं होतं. डेव्हिस कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि देशातल्या पहिल्या पाचांतही बसला होता. कोच ग्रेग गार्ड कॉन्फरन्सचा वर्षातला सर्वोत्तम कोच झाला.

"बघा, तज्ज्ञ कसे तोंडावर आपटले" असं म्हणून हसायला हे प्रकरण फार सोयीचं आहे. मी ते अनेकदा उकरून पाहिलंय आणि दर वेळी माझं मत थोडं बदलतं. दहावा नंबर देणारे मूर्ख नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर फार तर आठवा दिला असता. पण त्यांनी स्वतःला जो प्रश्न विचारला, तिथेच गाडी रुळावरून घसरली असं मला वाटतं.

वही कशी भरतात

हंगामाआधीचा अंदाज बांधताना आधी पाहतात ते कोण गेलं आणि कोण परत आलं. परत आलेल्यांनी गेल्या वर्षी किती गुण केले, किती मिनिटं खेळले, याची बेरीज होते. मग शाळेतून येणाऱ्या नव्या मुलांना किती 'स्टार' मिळालेत ते बघायचं. गेली काही वर्षं त्यात तिसरी गोष्ट आलीय, ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. कॉलेज बदललं की एक वर्ष बसून काढायचं, हा जुना नियम एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरता उठला. मग त्या उन्हाळ्यात खेळाडू पिशवी उचलून इकडून तिकडे निघाले. वर कोविडमुळे प्रत्येकाला खेळण्याचं एक जादा वर्ष मिळालेलं. म्हणजे चौथ्या वर्षाचा मुलगा गेला असं लिहावं, तर तो पाचव्या वर्षासाठी हजर. कोण कुठे आहे हेच ऑगस्टपर्यंत नक्की नसायचं.

इलिनॉयचा कोफी कोबर्न याचा नमुना. त्याने एनबीएच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीसाठी, नाव दिलं, पोर्टलमध्येही टाकलं, आणि जुलैत परत इलिनॉयलाच राहिला. शिवाय विद्यापीठाने दिलेले कपडे आणि वस्तू त्याने जूनमध्ये विकल्या होत्या. खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावायची मुभा १ जुलैपासून होती, म्हणजे चूक काही दिवसांची. त्यासाठी सुरुवातीच्या तीन सामन्यांची बंदी. तरीही तो हंगामाआधीच कॉन्फरन्सचा सर्वोत्तम मानला गेला आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. त्या वर्षी त्याने सामन्यामागे २०.९ गुण आणि १०.६ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यांनंतर पकडलेले चेंडू, काढले.

ठळक नावं बहुधा अशी बरोबरच येतात. आदल्या वर्षी अठरा गुण करणारा मुलगा पुढच्या वर्षी अठरा करेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. इंडियानाचा ट्रेस जॅक्सन-डेव्हिस आणि ओहायो स्टेटचा ई. जे. लिडेल यांनी ते करून दाखवलं. अंदाजाची खरी परीक्षा असते सात गुण करणाऱ्या मुलाबद्दल.

सात म्हातारे

विस्कॉन्सिनला दहावा नंबर का मिळाला, हे कळायला एक वर्ष मागे जावं लागतं.

२०२०-२१ च्या हंगामाआधी हाच संघ एपी या वृत्तसंस्थेच्या राष्ट्रीय यादीत सातवा होता. कारण वहीत लिहिलेलं होतं: सात सीनियर, म्हणजे चौथ्या वर्षाचे खेळाडू, परत आलेत. डिमिट्रिक ट्राइस, मायका पॉटर, नेट रूव्हर्स, अलीम फोर्ड, ब्रॅड डेव्हिसन वगैरे. बेरीज डोळ्यात भरणारी होती. प्रत्यक्षात झालं काय? १८ विजय, १३ पराभव, आणि कॉन्फरन्समध्ये बरोब्बर अर्धे-अर्धे, १०-१०. रूव्हर्स मधेच संघ सोडून गेला. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाला ८५-६२ असं लोळवलं, मग पुढे विजेता ठरलेल्या बेलरकडून ६३-७६ असे हरले. बरं वर्ष, पण सातव्या नंबरचं नव्हे.

मग जून २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. फेब्रुवारीत सीनियर खेळाडू आणि कोच यांची बंद दाराआडची बैठक झाली होती. तिचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग मॅडिसनच्या, म्हणजे विद्यापीठाच्याच गावच्या, वर्तमानपत्रापर्यंत पोचलं. कोच आमच्याशी नातं ठेवत नाहीत, ही त्यातली मुख्य तक्रार. ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात आता कुणी कुणाशी बोलत नसणार.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये अंदाज लिहायला बसलेल्या पत्रकारासमोर हे चित्र होतं: घरातले थोरले गेले, जाताना भांडून गेले, आणि सामन्यामागे चाळीसहून जास्त गुण त्यांच्यासोबत गेले. मागे राहिला तो पाचव्या वर्षाचा ब्रॅड डेव्हिसन, टायलर वॉल, फारसा न खेळलेला सात फुटी स्टीव्हन क्राऊल, शाळेतून नुकताच आलेला चकी हेपबर्न, आणि जॉनी डेव्हिस. डेव्हिस, डेव्हिसन, आणि तिकडे इंडियानात जॅक्सन-डेव्हिस. त्या वर्षी बिग टेनची बातमी घाईत वाचणाऱ्याची पंचाईतच होती.

गेल्या वर्षी या संघाला फार वर ठेवून चुकलो, ही आठवणही ताजी होती. एकदा दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो माणूस. दहावा नंबर हे बऱ्याच अंशी फुंकलेलं ताक होतं, असा माझा संशय आहे.

मुलगा

जॉनी डेव्हिस विस्कॉन्सिन राज्यातल्याच ला क्रॉस गावचा. मिसिसिपीच्या काठचं गाव. वडील मार्क डेव्हिस १९८८-८९ मध्ये थोडा काळ एनबीएत खेळलेले. जॉनीला जुळा भाऊ आहे, जॉर्डन. दोघंही एकाच शाळेतून, ला क्रॉस सेंट्रलमधून, एकाच वेळी मॅडिसनला आले. जॉनी शाळेत अमेरिकन फुटबॉलही खेळायचा, तोही क्वार्टरबॅक. २०२० मध्ये त्याला राज्यातला सर्वोत्तम शालेय बास्केटबॉलपटू निवडलं गेलं.

पहिल्या वर्षी त्याची सरासरी ७.० गुण आणि ४.१ रिबाउंड. वहीत एवढंच दिसतं, आणि एवढंच पाहिलं तर तो बाकावरून येणारा एक बरा मुलगा.

पण शेजारच्या रकान्यात २४.३ मिनिटं लिहिलेली आहेत. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात बोलकी नोंद हीच. विस्कॉन्सिन हा संथ, चेंडू जपून खेळणारा, वयाने मोठ्या मुलांवर विसंबणारा संघ. आधीचा कोच बो रायन याच्या काळापासून तिथे पहिल्या वर्षाच्या पोराला सहसा पाणी द्यायला बसवतात. त्या संघात सात सीनियर असताना, आणि ते सीनियर कोचवर नाराज असताना, गार्डने एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला चाळीसपैकी चोवीस मिनिटं मैदानावर ठेवलं. तो गुण करत नव्हता, कारण चेंडू त्याच्याकडे येतच नव्हता. तो बचाव करत होता, रिबाउंड घेत होता, आणि मिळालेली संधी वाया घालवत नव्हता. कोच शब्दांत काय सांगतो ते सोडून द्या. मिनिटं वाटताना त्याच्या मनातलं बाहेर येतं.

दुसरी खूण रिगाची. जुलै २०२१ मध्ये लॅटव्हियात १९ वर्षांखालील जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेच्या संघात डेव्हिस होता. अंतिम सामन्यात त्यांनी व्हिक्टर वेम्बान्यामाच्या फ्रान्सला ८३-८१ असं हरवलं. स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांत अमेरिकेचे चेट होमग्रेन आणि जेडन आयव्ही होते. आयव्ही बिग टेनमधल्याच पर्ड्यूचा. पाचांतला आणखी एक कॅनडाचा झॅक ईडी, तोही पर्ड्यूचा. त्या स्पर्धेने आयव्हीचा भाव चढला आणि हंगामाआधी त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. त्याच संघातून सुवर्णपदक घेऊन आलेल्या डेव्हिसच्या नावाला तो उठाव मिळाला नाही. मात्र देशातल्या बारा जणांत निवड होणं हीच एक चाचणी होती आणि ती तो पास झाला होता.

त्रैराशिक

आता थोडं गणित, कारण या प्रकरणातली मला आवडणारी गोष्ट इथेच आहे.

समजा ऑक्टोबरमध्ये कुणी शहाण्याने म्हटलं असतं, "सीनियर गेलेत, मुलाची मिनिटं वाढणार, मग गुणही वाढतील." ठीक. २४.३ मिनिटांत ७ गुण, तर ३४.२ मिनिटांत किती? उत्तर येतं दहाच्या किंचित आत. डेव्हिस दुसऱ्या वर्षी ३४.२ मिनिटंच खेळला, आणि त्याची सरासरी आली १९.७. त्रैराशिकाच्या दुप्पट. सोबत ८.२ रिबाउंड.

हा एकटाच असता तर अपवाद म्हणून सोडून दिला असता. पण त्याच वर्षी, त्याच कॉन्फरन्समध्ये, शेजारच्या आयोवा राज्यात दुसरा एक दुसऱ्या वर्षाचा मुलगा हेच करत होता. कीगन मरे. पहिल्या वर्षी १८ मिनिटांत ७.२ गुण. त्याच्या डोक्यावर तेव्हा लुका गार्झा होता, देशातला सर्वोत्तम खेळाडू. गार्झा गेला, सोबत जो विसकॅम्पही गेला. मरेची मिनिटं झाली ३१.९. त्रैराशिक म्हणतं जेमतेम तेरा गुण. आले २३.५. आयोवाने बिग टेनची हंगामाअखेरची स्पर्धा जिंकली आणि मरे तिचा मानकरी ठरला.

आणि आता उलट उदाहरण. पर्ड्यूचा तोच झॅक ईडी, उंची सात फूट चार इंच. २०२१-२२ मध्ये तो १९ मिनिटांत १४.४ गुण करत होता. उरलेली मिनिटं ट्रेव्हियन विल्यम्स खायचा. विल्यम्स गेला, पुढच्या वर्षी ईडीची मिनिटं झाली ३१.७. त्रैराशिकाचं उत्तर २४. प्रत्यक्षात २२.३. जवळपास बिनचूक, किंचित कमीच.

मग डेव्हिस आणि मरे यांच्या बाबतीत हिशेब का फसला, आणि ईडीच्या बाबतीत का जुळला? ईडीचं काम बदललंच नाही. रिंगजवळ उभा राहा, चेंडू येईल, टाक. आधी ते १९ मिनिटं करत होता, मग ३२ मिनिटं केलं. डेव्हिसचं मात्र कामच बदललं. पहिल्या वर्षी तो दुसऱ्यांनी आखलेल्या चालीच्या टोकाला उभा असायचा. दुसऱ्या वर्षी चाल त्याच्यापासून सुरू व्हायला लागली. एकत्र कुटुंबात थोरल्या काकांच्या पश्चात धाकट्याच्या हाती दुकानाच्या किल्ल्या येतात, तसं. आधी तो गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवायचा, आता भाव तोच ठरवतो. आदल्या वर्षी त्याने किती कापड उलगडलं यावरून तो भाव कसा करेल, हे कळत नाही.

वहीतला प्रश्न होता, कोण परत आलंय आणि त्याच्या खात्यावर काय आहे. विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा: आता शेवटच्या आठ सेकंदांत चेंडू कोणाच्या हातात देणार? विस्कॉन्सिनच्या बाबतीत याचं उत्तर ऑक्टोबरमध्येही फारसं अवघड नव्हतं. डेव्हिसन जाणता होता पण स्वतःचा फटका स्वतः उभा करणारा नव्हता, वॉल मुख्यतः बचावाचा, क्राऊल कच्चा, हेपबर्न नवा. उरला एकच.

हंगाम, जमेल तेवढा थोडक्यात

१५ नोव्हेंबरला विस्कॉन्सिन घरच्या मैदानावर प्रॉव्हिडन्सकडून ५८-६३ असं हरलं. डेव्हिस दुखापतीमुळे खेळला नव्हता. अंदाज खरा ठरतोय असं वाटायला हा सामना पुरेसा होता. आठवडाभरातच माउई इन्व्हिटेशनल. ही स्पर्धा एरवी हवाईत होते, त्या वर्षी कोविडमुळे लास व्हेगासला हलवलेली. तिथे डेव्हिस परतला. टेक्सस ए अँड एमला हरवलं. मग ह्यूस्टनला ६५-६३, त्यात डेव्हिसचे एकट्याचे ३०. मग अंतिम फेरीत सेंट मेरीजला ६१-५५. स्पर्धेचा मानकरी डेव्हिस. ह्यूस्टन आदल्याच वर्षी राष्ट्रीय उपांत्य फेरीत गेलेला संघ होता, तेव्हा योगायोग म्हणून हात झटकायची सोय राहिली नाही.

पण ज्या संध्याकाळी सगळ्यांचे अंदाज फाटले ती ३ जानेवारी २०२२ ची. पर्ड्यूचं घरचं मैदान, वेस्ट लाफायेटचं मॅकी अरीना, चौदा हजारांवर लोक, छताखाली आवाज असा घुमतो की समोरासमोर उभे खेळाडू एकमेकांशी खुणांनी बोलतात. पर्ड्यू तेव्हा देशात तिसरं. डिसेंबरात ते त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा एक नंबरलाही जाऊन आले होते. समोर आयव्ही, ईडी, विल्यम्स. विस्कॉन्सिन ७४-६९ जिंकलं. डेव्हिसचे ३७ गुण आणि १४ रिबाउंड. सदतीसचं कौतुक झालं, होणारच. मला चौदाचं जास्त वाटतं. सहा फूट पाच इंचांचा डेव्हिस, समोर सात फूट चार इंचांचा ईडी, आणि रिंगवरून पडणारा चेंडू चौदा वेळा या बुटक्याच्या हातात. 'बुटका' म्हणजे त्या मैदानावरचा बुटका, आपल्याकडे दाराला डोकं लागेल त्याचं. चेंडू कुठे पडणार हे दुसऱ्यांपेक्षा अर्धा क्षण आधी ओळखणं हे काम तो पहिल्या वर्षीही करत होता, चोवीस मिनिटं, कुणाचं लक्ष नसताना.

एक गोष्ट मात्र अंदाजवाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. चेंडू हातात आला तसा त्याचा नेम बिघडला. तीन गुणांच्या फटक्यांत तो पहिल्या वर्षी ३९ टक्क्यांच्या आसपास होता, दुसऱ्या वर्षी ३०.६ वर आला. पहिल्या वर्षी मोकळा उभा राहून मारायचा. दुसऱ्या वर्षी अंगावर दोघे, घड्याळात तीन सेकंद, आणि चेंडू टाकायला दुसरं कुणी नाही. संघाचा सगळ्यात अवघड फटका ज्याच्या वाट्याला येतो त्याची टक्केवारी पडतेच. तरीही ही पडझड डोक्यात ठेवा. ती नंतर परत भेटते.

१ मार्चला मॅडिसनच्या कोल सेंटरमध्ये पुन्हा पर्ड्यू. जिंकलं तर विजेतेपदात वाटा नक्की. शेवटच्या क्षणांत आयव्हीने तीन गुणांचा फटका टाकून ६७-६७ अशी बरोबरी केली. सतरा हजार लोकांना ठाऊक होतं की आता चेंडू डेव्हिसकडे जाणार. पर्ड्यूलाही ठाऊक होतं, त्यांनी दोघे त्याच्या अंगावर घातले. डेव्हिसने चेंडू सोडला, हेपबर्नकडे. शाळेतून आलेल्या त्या पहिल्या वर्षाच्या पोराने तीन गुणांसाठी मारला, तो फळीवर आपटून आत गेला. ७०-६७. फळीवरून जाणारा तो फटका हेपबर्नने तसाच योजला होता असं त्याच्या घरचेसुद्धा म्हणणार नाहीत.

पाचच दिवसांनी, ६ मार्चला, घरच्याच मैदानावर नेब्रास्का. कॉन्फरन्समध्ये तीन विजय, सोळा पराभव अशा अवस्थेतला संघ. हा सामना जिंकला असता तर विजेतेपद एकट्याचं. डेव्हिसवर जोरदार फाउल झाला, घोटा दुखावला, तो बाहेर गेला, आणि विस्कॉन्सिन ७३-७४ असं हरलं. त्याच दिवशी इलिनॉयने आयोवाला ७४-७२ असं हरवून निम्मं विजेतेपद उचललं. दोघेही १५-५.

प्रॉव्हिडन्स आणि नेब्रास्का हे दोन पराभव शेजारी ठेवले की पत्रकारांच्या दहाव्या नंबरचा मला राग येत नाही. डेव्हिस नसलेला विस्कॉन्सिन खरंच मधल्या-खालच्या फळीतला संघ होता. त्यांनी संघ बरोबर जोखला होता, एक मुलगा सोडून.

नशिबाचा वाटा

विस्कॉन्सिनचे विजय बघा: ह्यूस्टनवर दोन गुणांनी, पर्ड्यूवर पाचने आणि तीनने, त्यातला एक फळीवरून. त्या वर्षभरात त्यांनी असे अटीतटीचे सामने एकामागून एक काढले. थोडं कौशल्य, थोडं शेवटच्या क्षणी चेंडू देण्याजोगा माणूस असणं, आणि बाकी दैव. यातले चार सामने उलटे गेले असते तर संघ सहावा आला असता. डेव्हिसची सरासरी तेवढीच राहिली असती आणि हा लेख कुणी लिहिला नसता.

राष्ट्रीय स्पर्धेत तेच दैव फिरलं. मिलवॉकीत, म्हणजे जवळजवळ घरीच, पहिल्या सामन्यात कोलगेटला ६७-६० असं हरवलं. दुसऱ्यात आयोवा स्टेटविरुद्ध हेपबर्न जखमी झाला, संघाने तीन गुणांचे २२ फटके मारले, त्यातले २ आत गेले. ४९-५४. हंगाम संपला.

आणि ज्यांना वर ठेवलं होतं त्यांचं? एपीच्या हंगामपूर्व यादीत मिशिगन सहावं, पर्ड्यू सातवं, इलिनॉय अकरावं, ओहायो स्टेट सतरावं, मेरीलँड एकविसावं. इलिनॉय खरं ठरलं, पर्ड्यू तिसरं आलं, ओहायो स्टेट ठीकठाक. मिशिगन कॉन्फरन्समध्ये ११-९ वर अडकलं. मेरीलँडचा कोच मार्क टर्जन डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पद सोडून गेला आणि संघ १५-१७ वर संपला. कोच नाताळापर्यंत टिकणार नाही, हे कुठल्या वहीत लिहायचं? इलिनॉयच्या आंद्रे कर्बेलोकडून सगळ्यांना मोठ्या अपेक्षा होत्या. डोक्याच्या दुखापतीने त्याचा हंगामच मोडला. अशा चुकांसाठी कुणाला बोल लावू नये. डेव्हिसची चूक या जातीची नव्हती, म्हणून तिच्याबद्दल इतकं लिहिलं. तिथे खुणा होत्या.

पुढचा ऑक्टोबर

जून २०२२ च्या ड्राफ्टमध्ये कीगन मरे चौथा गेला, सॅक्रामेंटोला. आयव्ही पाचवा, डेट्रॉइटला. डेव्हिस दहावा, वॉशिंग्टनला. पुन्हा दहावा.

मरे पहिल्या दिवसापासून एनबीएत रुळला. डेव्हिसला ते जमलं नाही. वॉशिंग्टनला शेवटच्या आठ सेकंदांत चेंडू त्याच्या हातात द्यायचा नव्हता. कोपऱ्यात मोकळा उभा राहून तीन गुणांचा फटका मारणारा हवा होता. ती ३०.६ ची टक्केवारी इथे परत भेटली. कॉलेजात काम बदलल्याने तो वर गेला होता, आता काम पुन्हा उलटं बदललं. पहिल्या हंगामात त्याची सरासरी सहाच्याही आत राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला मेम्फिसकडे धाडलं, आणि मेम्फिसने लगेच मोकळं केलं.

पण मला त्याहून जास्त गुंतवतो तो २०२२ चा ऑक्टोबर. आदल्या वर्षी फसलेले सगळे जण आता पुढचा डेव्हिस शोधायला निघाले होते आणि योगायोगाने दोन उमेदवार आयते समोर होते. कीगन मरेलाही जुळा भाऊ आहे, क्रिस, तोही आयोवातच. आणि जॉनीचा जुळा जॉर्डन अजून विस्कॉन्सिनमध्ये होता. दोघांच्याही डोक्यावरून थोरली सावली उठली होती. घर तेच, वय तेच, जागा रिकामी. प्रयोगशाळेत मांडावा तसा प्रयोग.

क्रिस मरे ९.७ वरून २०.२ गुणांवर गेला आणि ड्राफ्टमध्ये तेविसावा निवडला गेला. जॉर्डन डेव्हिसला सुरुवातीच्या पाचांत जागा मिळाली, मिनिटं मिळाली, पण सरासरी एक आकडीच राहिली, आणि वर्षअखेरीस तो इलिनॉय स्टेटला गेला. विस्कॉन्सिनला त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं नाही. रिकामी झालेली जागा नुसती असून भागत नाही, एवढं त्या दोन जोड्यांवरून मला पटलं. आदल्या वर्षी क्रिसला मिळालेली मिनिटं मी तेव्हा नीट पाहिली असती तर त्याच्यावर पैज लावली असती का, हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही.

त्याच ऑक्टोबरात एपीने पहिल्या पंचवीस संघांची यादी काढली. बिग टेनमधून इंडियाना त्यात तेरावं होतं. पर्ड्यूचे आयव्ही आणि विल्यम्स गेले होते, म्हणून पर्ड्यूला पंचविसांत जागाच मिळाली नाही. ईडी मात्र परत आला होता, आणि त्याच्या रकान्यात १९ मिनिटं आणि १४.४ गुण लिहिलेले होते.